वर्षभरात सहा एलईडी बल्ब गेले, आता कोणते घ्यावेत?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पंधरा वर्षं जुन्या इमारतीत रिसेलचा टू बीएचके घेतलात, राहायला येताना ९ वॅटचे १२ पांढरे बल्ब एकगठ्ठा आणलेत आणि वर्षाच्या आत त्यातले ६ गेले. हॉलमधला उजेड डोळ्यांत खुपतो, तरी बाबांना पेपर वाचता येत नाही. बेडरूममधला एक बल्ब बटण बंद केल्यावरही रात्रभर मिणमिणतो. आणि शेवटी विचारलंय, ‘चांगल्या कंपनीचा महाग बल्ब घेऊ का, आणि किती वॅटचा?’

महाग घ्या म्हणून एका ओळीत मोकळा झालो असतो. पण तुम्हीच लिहिलंय की सहातले तीन हॉलच्या काचेच्या गोल ग्लोबमधले आणि दोन बाथरूममधले. मला तीच ओळ सगळ्यात कामाची वाटली. बल्बांचा लॉट खराब असता तर ते घरभर कुठेही गेले असते. तुमच्याकडे दोनच जागा बल्ब खातायत. तिथे दीडशे रुपयांचा लावलात तर तोही जाईल, फक्त तुमचे दीडशे जातील.

मी साताऱ्यात २७ वर्षं वायरिंगची कामं करतो. बदली करून काढलेले बल्ब फेकायच्या आधी उघडून बघायची मला खोड आहे. आतली पिवळी टिकल्यांची प्लेट, म्हणजे खरी एलईडी, बहुतेक वेळा धड असते. कधी एखादी टिकली मध्यभागी काळी पडलेली दिसते. पण जास्त करून गेलेला असतो तो खालचा ड्रायव्हर, म्हणजे २३० व्होल्टचा एसी घेऊन टिकल्यांना हवा तेवढाच डीसी करंट देणारं छोटं सर्किट. खोक्यावर २५,००० तास छापलेलं असतं ते टिकल्यांचं आयुष्य, आणि त्याचाही अर्थ एवढाच की तेवढ्या तासांनी उजेड सुरुवातीच्या ७० टक्क्यांवर येईल. रोज सहा तास धरले तर अकरा वर्षं होतात. ड्रायव्हर एवढी वाट बघत नाही. त्यात एक छोटा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून प्रवाह सुरळीत करणारा भाग, असतो आणि त्याचा जुना हिशोब आम्हा सगळ्यांना पाठ आहे: तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं.

आता तुमचा ग्लोब बघा. जुन्या पिवळ्या बल्बला ती बंद काच चालायची, कारण त्याच्यात जळण्यासारखी तार सोडून काही नव्हतंच. एलईडी बल्बची उष्णता मागच्या अंगाने, त्या पांढऱ्या बुडातून बाहेर पडते. बंद ग्लोबमध्ये ती हवा आतल्या आत तापत राहते. त्यात पिनवाला होल्डर छताला आणि बल्ब खाली तोंड करून, म्हणजे वर चढणारी सगळी गरम हवा नेमकी ड्रायव्हरपाशी साठते. ग्लोब ठेवायचाच असेल तर आत ५ वॅटचा, फार तर ७ वॅटचा बल्ब लावा. काही बल्बांच्या खोक्यावर बंद फिटिंगमध्ये चालेल असं लिहिलेलं असतं, तसा मिळाला तर उत्तम. नाहीतर ग्लोबच्या वरच्या पत्र्याच्या कॅपला दोन-तीन भोकं आहेत का पाहा. जुन्या ग्लोबना ती असायची, पण रंगाऱ्याने छत रंगवताना बुजवलेली असतात. मी अशी किती भोकं पेनाच्या टोकाने मोकळी केली असतील, मोजली नाहीत.

बाथरूमची गोष्ट थोडी वेगळी. तिथे दिवा दिवसाला तासभरही लागत नाही, पण गरम पाण्याची वाफ होल्डरमध्ये शिरते, पितळी पिना हिरव्या पडतात आणि स्पर्श कच्चा होतो. तिथे बल्ब-होल्डरचा नादच सोडा. सीलबंद एलईडी बल्कहेड, म्हणजे भिंतीला बसणारा बंद दिवा मिळतो, आयपी ६५ लिहिलेला, म्हणजे धूळ-पाणी आत शिरत नाही. तो एकदा बसवला की विषय संपला.

यावरून होल्डरकडे येतो, कारण रिसेलच्या घरात खरा चोर बऱ्याचदा तोच असतो. तुमच्या आधीच्या मालकाने त्या होल्डरमध्ये बरीच वर्षं ६० आणि १०० वॅटचे पिवळे बल्ब किंवा सीएफएल लावले असणार. पिवळ्या बल्बच्या धगीने बॅकेलाइट, म्हणजे होल्डरचं कडक प्लास्टिक, ठिसूळ होतं आणि आतल्या दोन पिनांच्या स्प्रिंगा मऊ पडतात. पिन बल्बच्या बुडावरच्या शिशाच्या ठिपक्याला नीट टेकत नाही, बारीक ठिणग्या पडतात आणि ड्रायव्हरला सेकंदाला कितीतरी वेळा चालू-बंदचा धक्का बसतो. ओळखायचं कसं? गेलेला बल्ब उलटा करून बुडाचे दोन ठिपके बघा. गुळगुळीत असतील तर होल्डर निर्दोष समजा. काळे पडलेले असतील, खड्डा पडला असेल, तर आधी होल्डर बदला. चांगला होल्डर काही फार महाग वस्तू नाही. त्याच्या कंजुषीपायी लोक वर्षाला चार बल्ब घालवतात आणि कंपनीला शिव्या देतात.

व्होल्टेजचं काय, हे परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ते मला इथून दिसत नाही. शेजाऱ्यांना विचारा. फक्त तुमच्याकडे बल्ब जात असतील तर दोष तुमच्या घरात आहे. पूर्ण जिन्यातल्या लोकांची तीच तक्रार असेल, कुणाचा सेट-टॉप बॉक्स गेलाय, कुणाचा पंखा मध्येच जोरात फिरतो, तर इमारतीच्या मेन पॅनलमधला न्यूट्रल सैल असू शकतो. ही भानगड साधी नाही. थ्री फेज पुरवठ्यात दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात. न्यूट्रल तुटला की ज्या फ्लॅटवर लोड कमी, तिथे व्होल्टेज २३० सोडून भलतीकडे चढतं. मी एका इमारतीत बघितलंय, एका रात्रीत आठ घरांतले दिवे आणि दोन फ्रिज गेले, आणि सकाळी सगळे बल्बच्या ब्रँडवर चर्चा करत होते. असा संशय आला तर सोसायटीला सांगून लगेच पॅनल तपासून घ्या, बल्बखरेदी नंतर.

आता मिणमिणणारा बेडरूमचा बल्ब. याची दोन कारणं मी नेहमी बघतो. बटणात छोटा लाल इंडिकेटर असेल तर त्या इंडिकेटरमधून झिरपणारा किंचित करंटही एलईडीला पुरतो. त्यात धोका काही नाही, फक्त झोपेला त्रास. इंडिकेटर नसेल तर मात्र बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. पूर्वी कोणी लक्ष दिलं नाही, कारण पिवळा बल्ब एवढ्याशा करंटवर पेटत नसे. एलईडीने ती जुनी चूक उघडी पाडली. बटण बंद असतानाही तुमच्या होल्डरमध्ये फेज जिवंत असेल, आणि बटण बंद केलंय या भरवशावर कोणी स्टुलावर चढून होल्डरमध्ये बोट घातलं तर झटका बसेल. वायरमन बोलवा, बटण बंद ठेवून होल्डरच्या दोन्ही पिनांना टेस्टर लावायला सांगा. टेस्टर पेटला तर बोर्डात वायरींची अदलाबदल करून घ्यावी लागेल. अर्ध्या तासाचं काम आहे. तोवर एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला त्या लाइनचा खटका, पाडल्याशिवाय त्या होल्डरला हात लावू नका, हे मात्र मी विनंती म्हणून सांगत नाहीये.

इथवर बल्ब विकत घेण्याबद्दल फारसं बोललो नाही. आता बोलतो.

‘किती वॅटचा’ हा प्रश्न पिवळ्या बल्बच्या काळातला आहे. तेव्हा वॅट सांगितला की उजेड कळायचा. आता वॅट म्हणजे फक्त मीटरवर किती फिरणार ते. उजेड लुमेनमध्ये मोजतात आणि तो आकडा खोक्यावर असतोच, बारीक अक्षरात का होईना. जुना ६० वॅटचा बल्ब ७०० लुमेनच्या आसपास द्यायचा. आज ९ वॅटचा एलईडी ८०० ते ९०० देतो. पण ३६ वॅटची जुनी ट्यूब २,५०० च्या आसपास द्यायची. तुमच्या हॉलमध्ये आधी ट्यूब होती आणि तिच्या जागी तुम्ही एक बल्ब लावला असेल, तर उजेड तिसऱ्या हिश्श्यावर आणलात. २० वॅटची एलईडी पट्टी साधारण २,००० लुमेन देते आणि ट्यूबसारखा छताकडे उजेड वाया घालवत नाही, त्यामुळे ती ट्यूबची जागा बरोबर भरून काढते. तुमचा हॉल १२ बाय १५ असेल असं धरतो. समोरासमोरच्या भिंतींवर दोन पट्ट्या बसवा. एकाच भिंतीवर दोन नकोत, नाहीतर सोफ्यावर बसणाऱ्याच्या तोंडावर उजेड आणि पाठीमागे अंधार अशी तऱ्हा होते.

वॅटमध्ये काटकसर करू नका. ६० च्या पिवळ्याऐवजी ९ चा एलईडी लावला की रोजच्या पाच तासांना महिन्याला साडेसात युनिट वाचतात, ती बचत तुम्ही कधीच खिशात टाकली आहे. त्यापुढे ९ ऐवजी १२ वॅट घेतला तर महिन्याला अर्धं युनिटसुद्धा वाढत नाही. अर्ध्या युनिटसाठी घरात अंधूक बसायचं काही कारण नाही. ज्यांचं महावितरणचं बिल १०० युनिटांच्या स्लॅबच्या उंबरठ्यावर असतं ते मला याबद्दल फार विचारतात. त्यांना मी जुना फ्रिज आणि गीझर बघायला सांगतो.

रंगाबद्दल माझं मत जरा ठाम आहे, पटलं नाही तर सोडून द्या. आपल्याकडे ट्यूबलाइटची पिढी वाढली, त्यामुळे पांढरा म्हणजे लख्ख आणि पिवळा म्हणजे गरिबाघरचा, असं डोक्यात बसलंय. उजेडाचा रंग केल्विनमध्ये सांगतात, आकडा जेवढा मोठा तेवढा उजेड निळसर पांढरा. तुम्ही आणलेले बारा बल्ब ६५०० केल्विनचे, खोक्यावर ‘कूल डेलाइट’ लिहिलेले असणार. पांढरी एलईडी मुळात निळीच असते. निळ्या चिपवर फॉस्फर नावाच्या पिवळ्या पावडरीचा थर चढवतात आणि दोन्हींची मिसळण आपल्याला पांढरी दिसते. ती निळी एलईडी बनवायला इतकी वर्षं लागली की २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना त्याच कामासाठी मिळालं. ६५०० मध्ये निळा भाग जास्त, २७०० ते ३००० मध्ये कमी. रात्री दहा वाजता डोळ्यांना तो निळा उजेड दिवसाचीच वेळ सांगत असतो. म्हणून बेडरूममध्ये ३००० केल्विन, ‘वॉर्म व्हाइट’. हॉलमध्ये आणि स्वयंपाकघरात ४०००, जो दुकानदार ‘नॅचरल’ किंवा ‘न्यूट्रल व्हाइट’ म्हणून देतो. छोट्या गावात ४००० चटकन मिळत नाही, दुकानदार ‘तसं काही येत नाही’ म्हणेल. येतं, मागवून घ्या. बाल्कनीत पिवळाच. पावसाच्या पहिल्या आठवड्यात पंखवाले किडे पांढऱ्या दिव्यावर जेवढे तुटून पडतात तेवढे पिवळ्यावर येत नाहीत.

भाज्या फिक्या दिसतात असं तुमच्या मिसेसनी सांगितलं ते खरं आहे, त्यांची नजर चुकत नाहीये. केल्विन हा उजेडाचा रंग झाला. त्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात त्याचा वेगळा आकडा असतो, सीआरआय. साधे बल्ब ८० च्या आसपास असतात, आणि त्यांत लाल रंग मार खातो. टोमॅटो, मसाल्याचा तवंग, माणसाच्या चेहऱ्याची कांती, सगळं मरगळलेलं दिसतं. ९० च्या वरचा दिवा महाग पडतो, म्हणून घरभर लावू नका. फक्त ओट्यावर लावा. आणि तो छताला लावू नका, कारण ओट्याशी उभं राहिलं की छतावरच्या दिव्याची आपलीच सावली नेमकी पातेल्यात पडते. ओट्यावरच्या शेल्फखाली पुढच्या कडेला दोन फुटी पट्टी बसवा. माझ्या स्वतःच्या घरात मी हे अठरा वर्षं केलं नव्हतं. दुसऱ्यांची घरं उजळत फिरलो, आणि बायको सावलीत तांदूळ निवडत राहिली.

बाबांचा पेपर. हॉलमध्ये वॅट वाढवून हा प्रश्न सुटणार नाही. वयाबरोबर डोळ्यातली बाहुली लहान राहायला लागते, भिंग पिवळसर होतं, आत पोचणारा उजेड तरुणपणापेक्षा बराच कमी होतो. त्याच वेळी उघड्या बल्बचा झगमगाट मात्र जास्त टोचतो. म्हणून तुमच्या हॉलमध्ये एकाच वेळी उजेड खुपतोय आणि कमीही पडतोय. त्यांच्या खुर्चीच्या डाव्या खांद्यामागे एक उभा किंवा भिंतीवरचा दिवा लावा, ज्याला टोपी आहे, म्हणजे बल्ब थेट डोळ्यांना दिसत नाही. ७ वॅट पुरे. अंतर चौथ्या भागावर आणलं की तोच बल्ब कागदावर सोळापट उजेड पाडतो, म्हणून छतावरचा १८ वॅट जे करत नाही ते खांद्यामागचा ७ वॅट करतो. याचा रंग मात्र मी तुमच्यावर लादणार नाही. काही वयस्कर माणसांना ४००० मध्ये अक्षरं उठून दिसतात, काहींना ३००० मध्ये बरं वाटतं. दोन्ही आणा, बाबांनाच ठरवू द्या, उरलेला बेडरूममध्ये जाईल. मोतीबिंदूची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या.

दुकानात काय बघायचं? हातगाडीवर ढिगाने विकले जाणारे, ‘दोन वर्षं गॅरंटी’ असं तोंडी सांगितले जाणारे बल्ब घेऊ नका. बल्बवर किंवा खोक्यावर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, आयएस १६१०२ आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकला की खरा की खोटा ते तिथल्या तिथे कळतं. व्होल्टेजची रुंद रेंज आणि सर्जचा, म्हणजे अचानक येणारा व्होल्टेजचा किती मोठा झटका बल्ब सोसतो त्याचा आकडा लिहिला असेल, किमान २.५ केव्ही (किलोव्होल्ट), जमलं तर ४, तर तो घ्या. लुमेनला वॅटने भागा. शंभरच्या आसपास आला की झालं. खोक्यावरच्या वीजबचतीच्या बीईई स्टारवर एवढी घासाघीस नको, एका बल्बमागे महिन्याचा फरक युनिटाच्या आतला असतो. मग दुकानात बल्ब लावायला सांगा आणि मोबाइलचा स्लो मोशन व्हिडिओ काढा. उजेड धडधडताना किंवा पट्टे सरकताना दिसले तर ड्रायव्हरमध्ये काटछाट केलीय, सेकंदाला शंभर वेळा तो फडफडतोय. डोळ्यांना ते दिसत नाही, पण डोकेदुखीची तक्रार करणाऱ्या घरांत मला असे दिवे बरेच सापडलेत.

किमतीचं म्हणाल तर फार महागाच्या मागे जाऊ नका. स्वस्तात एलईडी बल्ब देणारी केंद्र सरकारची उजाला योजना ५ जानेवारी २०१५ ला सुरू झाली. २०१४ मध्ये सरकारी खरेदीत जो बल्ब ३१० रुपयांना पडायचा तो २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला, आणि योजनेत ३६ कोटींहून जास्त बल्ब विकले गेले. म्हणजे ठीकठाक बल्ब बनवणं ही आता कुणाची जादू राहिलेली नाही. मधल्या किमतीचा, ठाऊक असलेल्या कंपनीचा, दोन वर्षांची लेखी वॉरंटी असलेला घ्या आणि बिल सांभाळा. आणि बारा एकदम नका घेऊ. आधी एकच आणा, दोन रात्री लावून बघा, पसंत पडला की एका खोलीला लागणारे सगळे एकाच खोक्यातले घ्या. एकाच केल्विनचे दोन लॉटचे बल्ब शेजारी लावले की एक गुलाबी आणि एक हिरवट दिसतो, मग आयुष्यभर तेच खटकत राहतं.

राहिलेल्या बारीकसारीक गोष्टी. देवघराला अर्ध्या वॅटचा पिवळा झिरो बल्ब पुरतो, समईशी स्पर्धा कशाला. कुठे जुना डिमर किंवा पंख्याचा रेग्युलेटर दिव्याला जोडलेला असेल तर साधा एलईडी तिथे फडफडेल आणि लवकर जाईल. ‘डिमेबल’ लिहिलेला बल्बच लावा, नाहीतर डिमर काढा. घरात स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर लाइट गेल्यावर काही बल्ब गुणगुणतात, घाबरू नका. स्मार्ट बल्ब मी लावून देतो, घरी लावलेला नाही. आजी-आजोबा भिंतीवरचं बटण बंद करतात आणि त्याचा स्मार्टपणा तिथेच संपतो.

तुम्ही आता असं करा. गेलेल्या सहा बल्बांपैकी जेवढे अजून घरात असतील त्यांची बुडं बघा आणि काळे ठिपके किती जणांवर आहेत ते मला कळवा. वायरमन बेडरूमच्या बटणासाठी येईलच, त्याच फेरीत सगळे होल्डर बदलून घ्या. नवा बल्ब चढवताना त्याच्या बुडावर मार्करने तारीख आणि जागा लिहा, ‘हॉल ग्लोब’, ‘पॅसेज’ असं. मी सगळ्या गिऱ्हाइकांकडे लिहितो. पुढच्या वेळी बल्ब गेला की वॉरंटीची तारीख दुकानदाराला विचारावी लागत नाही, आणि कोणती जागा बल्ब खाते ते बल्बच सांगतो.